सोनमोहरांचें गवत

चीन देशांत एक लोककथा सांगतात. एका खेड्यांत एक तरुण जोडपें राहात होतें. नवरा शेत करी, बायको कापड विणी. एके दिवशीं नवऱ्याच्या बरगडीखालीं अशी कळ उठली, कीं थोड्याच अवधींत त्याचा प्राण गेला. आपला नवरा कशानें गेला हें कळल्यावांचून बायकोचें मन शांत होईना. तिच्या आग्रहावरून वैद्यानें शव उघडून पाहिलें, तों पित्ताशयांत एक खडा सांपडला. आपला संसार मोडणारा तो हाच, म्हणून तिनें रंगीत रेशमाची एक लहानशी जाळी विणली, खडा तींत घातला व ती गळ्यांत बांधली. कित्येक वर्षें तो खडा तिच्या उरावर होता. पुढें एकदां डोंगरावर गवत कापून, त्याची पेंढी उराशीं धरून ती घरीं आली, आणि पाहते तों खडा अर्धा विरघळलेला! वैद्यानें तें गवत शोधून काढलें व खड्याच्या रोग्यांस देऊं लागला. सोन्याच्या नाण्यांहूनहि मोलाचें, म्हणून लोकांनीं त्यास ‘सोनमोहरांचें गवत’ म्हटलें. चिनी भाषेंतील शब्द ‘जिन-छ्यान-त्साओ’ असा आहे. त्याचीं पानें नाण्यांसारखीं वाटोळीं असतात, तेव्हां नांवाचें खरें कारण तेंच असावें; पण कथेस तें कोण विचारतो?

ही कथा आम्हीं दोन वर्षांपूर्वीं प्रथम ऐकली. सांगणारा आमचा पुतण्या. तो नोकरीनिमित्त सिंगापुरास असतो. त्याच्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध चिनी बाईंनीं ती त्यास सांगितली, व त्यानें ती दूरध्वनीवरून आम्हांस सांगितली. शेवटीं तो म्हणाला, “काका, तें गवत इथें चिनी औषधांच्या दुकानांत मिळतें. काकूंसाठीं पाठवूं का?”

त्यास कारण असें घडलें होतें. आमच्या थोरल्या बंधूंच्या नातवाची मुंज झाली, त्या रात्रीं आमच्या सौभाग्यवतीच्या पोटांत उजव्या बाजूस कळ उठली. ती पाठीमागें उजव्या खांद्यापर्यंत जाई. उलट्या झाल्या. दोन-तीन तासांनीं कळ आपोआप ओसरली. दुसऱ्या दिवशीं सोनोग्राफी केली, तींत पित्ताशयामध्यें १४ मिलिमीटरचा एक आणि चार-पांच बारीक खडे दिसले. डॉक्टर म्हणाले, “खडे निमूट असते तर त्यांच्या वाटेस जाऊं नका म्हणालों असतों. पण कळ आली आहे, तेव्हां पित्ताशय दुर्बिणीनें काढून टाकणें बरें. घाई नाहीं, पण टाळाटाळहि नको.”

आम्हीं टाळाटाळच केली. आमचें वय नऊ वर्षांचें असतां आमच्या मातोश्री पोटाच्या शस्त्रक्रियेसाठीं घरांतून चालत गेल्या, त्या परत आल्या नाहींत. तेव्हांपासून ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द आमच्या कानीं पडला कीं दारांतून जाणारी त्यांची पाठमोरी आकृति डोळ्यांपुढें उभी राहते. पुतण्यानें विचारतांच आम्ही तत्काळ ‘पाठव’ म्हणालों, याचें मूळ चिनी वैद्यकावरील श्रद्धेंत नव्हतें, या भीतींत होतें. हें तेव्हां आम्हांस उमगलें नाहीं.

पुडकें आलें. घरांत सर्वांनीं तें हाताळून पाहिलें. आमच्या वहिनी फारशा शिकलेल्या नाहींत, पण त्यांनीं एकच प्रश्न केला, “भावोजी, गवतानें पित्तांतला खडा विरघळतो म्हणतां, मग जन्मभर गवतच खाणाऱ्या गाईच्या पित्तांत गोरोचन कसें हो सांपडतें?” आम्हीं हंसून वेळ मारून नेली. वस्तुतः गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्तांतला खडाच. चिनी वैद्यकांतहि तो ‘न्यू-ह्वांग’ या नांवानें प्रसिद्ध असून सोन्याहून महाग विकला जातो. वहिनींचा प्रश्न थट्टेचा होता, तरी आम्हीं त्यावर थोडा विचार करावयास हवा होता.

रोज ३० ग्रॅम गवत उकळून त्याचा काढा सौभाग्यवती घेऊं लागली. चीनच्या शासकीय औषधिकोशांत १५ ते ६० ग्रॅम असें प्रमाण दिलेलें आहे, त्यास धरूनच हें होतें. अडीच महिने गेले. कळ एकदांहि आली नाहीं. आम्हांस कोण आनंद! शाळेंत तीस-पसतीस वर्षें संस्कृत शिकविलेला मनुष्य, तो ओळखीच्या प्रत्येकास ‘खात्रीचें औषध’ म्हणून सांगत सुटला. दोन घरांत तर आम्हीं आपल्या पुडक्यांतून गवत नेऊन दिलें.

आणि मग एका पहाटे सौभाग्यवतीस थंडी वाजून ताप भरला, कळ आली, आणि संध्याकाळपर्यंत डोळे पिवळे झाले. एक बारीक खडा पित्ताशयांतून निसटून मुख्य पित्तनलिकेंत अडकला होता व कोंडलेल्या पित्तांत जंतूंचा शिरकाव झाला होता. तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेचें आंतड्यांतील तोंड किंचित् छेदून डॉक्टरांनीं तो खडा काढला. ताप उतरल्यावर चार दिवसांनीं पित्ताशयहि काढलें. ती दोन रात्रींची काळजी शब्दांनीं सांगण्यासारखी नाहीं.

डॉक्टरांस आम्हीं काढ्याची हकीकत सांगितली. ते रागावले नाहींत. म्हणाले, “काढ्यानेंच खडा सरकला असें मी म्हणणार नाहीं. काढा न घेणाऱ्यांचेहि खडे असे सरकतात. पण काढ्यानें तुम्हांला निर्धास्त केलें, हें मात्र खरें.” हें बोलणें मनांत घर करून राहिलें. पुढील सहा महिने, सौभाग्यवती पूर्ववत् घरांत वावरूं लागल्यावर, आम्हीं या गवतासंबंधीं मिळेल तें वाचलें. इंग्रजी लेख आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मिळवून दिले. कोश शेजारीं ठेवून ते आम्हीं वाचून काढले. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

पहिला प्रश्न असा कीं, हें गवत म्हणजे नेमकें कोणतें? एकाच नांवाखालीं चीनमध्यें निदान तीन भिन्न कुळांतील वनस्पति विकल्या जातात. सेच्वान प्रांताकडील ‘लायसिमाकिया क्रिस्टिनी’ ही पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वनस्पति. औषधिकोशांत मूळ नांव हिलाच दिलेलें आहे. क्वांगतुंग प्रांताकडील ‘डेस्मोडियम’ ही शेंगा येणारी, आपल्या शालपर्णीच्या जातीची वनस्पति. हिचा उपयोग मुख्यतः मूत्रमार्गांतील खड्यांसाठीं करतात. तिसरी ‘ग्लेकोमा’, ती तुळशीच्या कुळांतली. औषधिकोश या तिन्हींची निरनिराळ्या नांवांनीं नोंद करतो. परंतु बाजारांत आणि लोकांच्या बोलण्यांत हा भेद राहतोच असें नाहीं. आपणांस यांत नवल वाटावयास नको. आपल्याकडे ‘पाषाणभेद’ म्हणून हिमालयांतील एक वनस्पति विकतात, तर दक्षिणेंत त्याच नांवानें दुसरीच देतात. सिंगापुराहून आलेल्या पुडक्यांत यांपैकीं कोणतें गवत होतें, हें आम्हीं विचारलेंहि नव्हतें.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: खडा कोणता, आणि तो कोठें? ‘पित्ताचा खडा’ हा एकच शब्द आपण वापरतों, पण खड्यांचे प्रकार भिन्न आहेत. हल्लीं बहुतेकांच्या पित्ताशयांत सांपडतो तो मुख्यतः कोलेस्टेरॉलचा. पित्तांत कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर झालें, म्हणजे पाकांतून साखर बसावी तसें तें बसूं लागतें. दुसरा प्रकार तपकिरी, मऊसर, मातीसारखा. हा पुष्कळदां पित्ताशयांत न होतां यकृतांतील व त्याखालच्या नलिकांतच तयार होतो, आणि त्याचें कारण जंतूंचा संसर्ग, तसेंच नलिकांत शिरणारे जंत व यकृतकृमि हें असतें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चीनमध्यें या दुसऱ्या प्रकारचे रोगी फार असत. पुढें खाणेंपिणें बदललें, जंत कमी झाले, तसतसे तेथील शहरांतहि कोलेस्टेरॉलचे खडे वाढले.

आतां १९६० व १९७० च्या दशकांत चीनमधील रुग्णालयांनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. त्येन्चिन येथील नानकाई रुग्णालय हें पोटाच्या तीव्र विकारांवर चिनी व पाश्चात्त्य उपायांची सांगड घालण्याबद्दल प्रसिद्ध होतें. त्या काळीं खडे पाडण्यासाठीं ‘सर्वांगीण हल्ला’ नांवाची एक पद्धति प्रचारांत आली. रोग्यास आधीं मॉर्फीन टोंचीत. त्यानें पित्तनलिकेचें तोंड आवळलें जाई. वरून गवताचा व इतर वनस्पतींचा काढा पाजीत. उद्देश हा कीं पित्त वाढून आंत दाब निर्माण व्हावा. मग नलिकेचें तोंड सैल करणारें द्रव्य हुंगावयास देत, मॅग्नेशियमचें रेचक पाजीत, पित्ताशय आकुंचन पावावें म्हणून तळलेलीं अंडीं खाऊं घालीत, आणि सुयांतून विजेचा सौम्य प्रवाह सोडीत. नंतर रोग्याचा मल धुऊन चाळीत व खडे सांपडतात का तें पाहत.

खडे खरोखर सांपडत. तीं माणसें खोटें बोलत नव्हतीं. परंतु विचार करूं जातां दोन गोष्टी ध्यानांत येतात. नलिकेंतील मऊ खडा दाबानें आंतड्यांत ढकलला जाणें संभवनीय आहे; कारण त्यास तेथून बाहेर पडावयास एकच दार ओलांडावयाचें असतें. पित्ताशयांतील १४ मिलिमीटरचा खडा मात्र आधीं वळसे घेत जाणाऱ्या अरुंद नळींतून, आणि मग जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंदीच्या मुख्य नलिकेंतून जावयाचा. तो जाणार कसा? आणि बारीक खडा गेलाच, तर वाटेंत अडकून जें होतें तें आमच्या घरांत झालें. दुसरी गोष्ट अशी कीं, एवढ्या साऱ्या उपायांत खडा कोणी पाडला? मॉर्फीननें, रेचकानें, अंड्यांनीं कीं गवतानें? न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लागतात. ‘गवत होतें, खडा पडला’ हा अन्वय झाला. ‘गवत नव्हतें, बाकी सर्व होतें, आणि खडा पडला नाहीं’ हा व्यतिरेक कोणीं पाहिला?

हाच तिसरा प्रश्न, तुलनेचा. प्राण्यांवरील प्रयोग आहेत. ज्या अन्नानें खडे होतात तें उंदरांस चारून सोबत या गवताचा अर्क दिला असतां खडे कमी होतात, पित्ताचा प्रवाह वाढतो, असें चिनी संशोधकांनीं दाखविलें आहे. तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. पण उंदरांत खडा होऊं न देणें वेगळें, आणि मनुष्याच्या पोटांत झालेला खडा विरघळविणें वेगळें. मनुष्यांवरील चाचण्याहि चीनमध्यें झाल्या आहेत. त्यांत बहुधा हें गवत एकटें नसतें. सोबत हळदीच्या जातीचा कंद, रेवाचिनी आणि आणखी कांहीं द्रव्यें असतात. कळ कमी झाली तरी रोगी ‘गुण आलेल्यांत’ धरला जातो.

चिनी औषधांच्या अशा चाचण्यांची एकंदर परीक्षा १९९९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. परीक्षकांत हाँगकाँगचेहि संशोधक होते. त्यांनीं २९३८ चाचण्या तपासल्या. बहुतेक लहान व अल्पकाळ चाललेल्या होत्या, आणि कोणतें औषध कोणास दिलें हें झांकून ठेवण्याची काळजी फारच थोड्यांत घेतली होती. त्याच्या आदल्याच वर्षीं दुसऱ्या एका परीक्षणांत असें दिसलें, कीं चीनमध्यें प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांपैकीं शंभरांत ९९ नवें औषध यशस्वी ठरवितात. इंग्लंडमध्यें हेंच प्रमाण ७५ आहे. ज्या शाळेंत शंभरापैकीं ९९ मुलें उत्तीर्ण होतात, तेथील परीक्षा कशी झाली असावी हें आम्हां मास्तरांस कोणी समजावून सांगावयास नको.

मग चिनी वैद्यकांत पित्ताच्या खड्यावर कांहींच नाहीं काय? आहे, आणि हा भाग आम्हांस सर्वांत मौजेचा वाटला. अस्वलाचें पित्त हें तेथील जुनें औषध. तांग राजवटींत इ. स. ६५९ मध्यें तयार झालेल्या शासकीय औषधिग्रंथांतहि तें आहे. १९२७ सालीं जपानांत ओकायामा येथें शोदा यांनीं अस्वलाच्या पित्तांतून एक अम्ल शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. त्याच्या नांवांतील ‘उर्सो’ हा शब्द लॅटिन ‘उर्सुस’ म्हणजे अस्वल यावरून आलेला, आणि तो आपल्या ‘ऋक्ष’ शब्दाचा सख्खा भाऊ. १९७२ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं याच अम्लाच्या एका भावंडानें कोलेस्टेरॉलचे खडे विरघळतात असें दाखविलें. आणि लगेच प्रश्न निघाला, कितींचे?

उत्तर शोधण्यासाठीं तेथें ९१६ रोगी घेतले, त्यांचे तीन गट केले. एका गटास औषधाची पूर्ण मात्रा, दुसऱ्यास अर्धी, तिसऱ्यास दिसावयास तसेंच पण औषध नसलेलें द्रव्य, असें दोन वर्षें दिलें. १९८१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पूर्ण मात्रेच्या गटांत शेंकडा १३.५ जणांचे खडे पूर्णपणें विरघळले, अर्ध्या मात्रेच्या गटांत ५.२ जणांचे, आणि औषध न मिळालेल्या गटांत ०.८ जणांचे. म्हणजे कांहींहि न देतां हजारांत आठांचे खडे नाहींसे झाले! त्या आठांच्या हातीं आमचें पुडकें असतें, तर त्यांनीं जन्मभर त्या गवताची आरती केली असती. फांदीवर कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास एकच गांठ, त्यास काकतालीय न्याय म्हणतात, हें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलें होतें.

पुढें अस्वलाच्या पित्तांतील अम्लच अधिक निर्धोक ठरलें, आणि १९८७ सालीं अमेरिकेच्या औषधनियामकांनीं त्यास पित्ताच्या खड्यांसाठीं मान्यता दिली. तें आतां कृत्रिम रीतीनें तयार होतें. त्यासाठीं पिंजऱ्यांत कोंडून अस्वलांचें पित्त काढण्याचें क्रौर्य करावयाचें मुळींच कारण नाहीं. पण ज्यांनीं तें सिद्ध केलें, त्यांनींच त्याच्या मर्यादाहि सांगितल्या. खडा लहान, कोलेस्टेरॉलचा व चुना न बसलेला हवा. पित्ताशय काम करणारें हवें. औषध महिनोन्महिने घ्यावें लागतें. आणि विरघळलेले खडे पांच वर्षांच्या आंत सुमारें निम्म्या लोकांत पुन्हां होतात. म्हणून कळ येणाऱ्या रोग्यांस आज बहुधा शस्त्रक्रियाच सुचवितात. प्रमाण म्हणतात तें याला: औषध कोणास लागू पडतें हें जो सांगतो, तोच कोणास लागू पडत नाहीं हेंहि सांगतो. सोनमोहरांच्या गवताविषयीं असें सांगणारी कसोटी अद्यापि आमच्या वाचनांत आली नाहीं. पुढें झाली आणि गवत तींत उतरलें, तर आम्हांस आनंदच होईल.

आतां आमच्या त्या अडीच महिन्यांचा हिशेब. पित्ताची कळ ही मुळांतच अधूनमधून येणारी. एक येऊन गेल्यावर दुसरी महिनेंच काय, कित्येकांस वर्षेंहि येत नाहीं. शिवाय काढा सुरू झाला त्याच दिवसापासून सुनांनीं घरांत तळण बंद केलें होतें. एवढीं दोन कारणें डोळ्यांपुढें असतां आम्हीं श्रेय दिलें तें तिसऱ्यासच. आणि कथेंतील त्या बाईचा खडा तर गवतास प्रत्यक्ष लागला होता. पोटांत गेलेला काढा आंतड्यांतून रक्तांत, रक्तांतून यकृतांत जातो, त्या गवताचें पान खड्यास कधीं शिवतहि नाहीं.

हें सारें एके दिवशीं आम्हीं सौभाग्यवतीस वाचून दाखविलें व शेवटीं म्हणालों, “माझ्यामुळें तुला फार सोसावें लागलें.” ती निवडण्याचें ताट खालीं ठेवून म्हणाली, “अहो, मी तरी तो काढा खडा जावा म्हणून कुठें घेत होतें? सासूबाईंची आठवण निघाली कीं तुम्ही रात्रभर जागे असतां. काढा चालू होता तोंवर तुम्हांला झोंप लागत होती, म्हणून घेत होतें.” यावर आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

ज्या दोन घरांत आम्हीं गवत दिलें होतें, तेथें आम्ही स्वतः गेलों व झालेली हकीकत सांगितली. एका घरच्या आजींस कळ वारंवार येत होती. त्यांनीं पुढें शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्या घरच्या गृहस्थांचे खडे आजवर निमूट आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांनीं कांहींच केलें नाहीं, आणि तेंहि योग्यच आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असे खडे असतील, तर एवढेंच सांगतों: काढा घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवूं नका, आणि कळेबरोबर थंडीताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर घटकाभरहि थांबूं नका.

पुडक्यांतलें थोडें गवत अजून फडताळांत आहे. गेल्या महिन्यांत पलीकडच्या वाड्यांतील एक ओळखीचे गृहस्थ तें मागावयास आले. आम्हीं त्यांस बसवून घेतलें, चहा दिला, आणि आधीं त्यांच्या सोनोग्राफीचा कागद पाहावयास मागितला.